यूलो सोस्टर: मॉस्कोला आधुनिक चित्रकलेची आठवण करून देणारा एस्टोनियन

सोव्हिएत काळातल्या बंडखोर रशियन चित्रकारांविषयी वाचायला घेतलं की एक नाव पुन्हा पुन्हा समोर येतं: यूलो सोस्टर. नवल असं की हा माणूस रशियन नव्हता. एस्टोनियाच्या एका बेटावर तो जन्मला आणि ऐन उमेदीची सहा वर्षं त्याने कैद्यांच्या छावणीत काढली. तरीही 1957 नंतर मॉस्कोतले कितीतरी तरुण चित्रकार त्याला वडीलधारा मानू लागले. ज्या शहरात पहिल्या महायुद्धाच्या आधी मातीस आणि पिकासो यांची चित्रं एका व्यापाऱ्याच्या वाड्यात जाऊन बघता येत होती, त्या शहराला आधुनिक कला समजून घ्यायला एका बेटावरचा माजी कैदी का लागावा?

हे समजायला दोन देशांची घड्याळं शेजारी ठेवून पाहावी लागतात.

मॉस्कोत 1932 साली सरकारी हुकमाने चित्रकारांचे सगळे स्वतंत्र गट बरखास्त झाले आणि त्यांच्या जागी सरकारी कलाकार संघ आला. 1934 पासून ‘समाजवादी वास्तववाद’ ही अधिकृत शैली ठरली. ओळखू येतील अशी माणसं, आशेने भरलेले चेहरे, कारखाने, सुगीची शेतं, नेते हे तिचे विषय. याच्या बाहेर जाऊन आकाराशी, रंगाशी खेळणाऱ्यावर ‘फॉर्मॅलिझम’चा शिक्का बसायचा. चित्रात काय सांगितलंय यापेक्षा ते कसं रंगवलंय याला महत्त्व देणं, असा त्याचा साधा अर्थ. पण त्या काळात या आरोपाने माणसाची नोकरी जाऊ शकत होती, कधी त्याहूनही बरंच काही. 1948 मध्ये तर नव्या पाश्चात्त्य कलेचं मॉस्कोतलं संग्रहालयच बंद केलं गेलं. मातीस, पिकासो, सेझान यांची चित्रं मॉस्को आणि लेनिनग्राडच्या संग्रहालयांत वाटली गेली आणि गोदामात पडून राहिली. 1930 च्या आसपास जन्मलेला मॉस्कोचा चित्रकार या सगळ्याविना मोठा झाला. त्याला शिकवणाऱ्यांपैकी काहींना ते आठवत होतं, पण त्याविषयी बोलायची सोय नव्हती.

एस्टोनियाचं घड्याळ वेगळं चालत होतं. हा छोटा देश 1918 मध्ये स्वतंत्र झाला आणि 1940 पर्यंत स्वतंत्र राहिला. 1919 मध्ये तार्तू या विद्यापीठाच्या गावात ‘पल्लास’ नावाची कलाशाळा निघाली. तिचा पहिला संचालक कॉनराड मागी हा पॅरिस आणि नॉर्वेत राहून आलेला निसर्गचित्रकार होता. पुढची वीस वर्षं पल्लासचे विद्यार्थी आणि शिक्षक पॅरिसला जात राहिले, तिथल्या गोष्टी घेऊन परत येत राहिले. म्हणजे मॉस्कोत जो धागा तिशीच्या दशकात तुटला, तो तार्तूत 1940 पर्यंत शाबूत होता. मला वाटतं, सोस्टरच्या आयुष्याची किल्ली या काही वर्षांच्या फरकात आहे. बाकी त्याची प्रतिभा होतीच, पण तो कुठून आला आणि केव्हा आला, याने त्याची जागा ठरवली.

यूलो सोस्टरचा जन्म 17 ऑक्टोबर 1924 चा, हीउमा बेटावरच्या ऊह्त्री गावचा. हीउमा हे बाल्टिक समुद्रातलं एस्टोनियाचं दुसरं मोठं बेट. चुनखडीवर जेमतेम मातीचा थर, वाऱ्याने झोडपलेली कुरणं आणि त्यात ठिकठिकाणी ज्युनिपरची झुडपं. ज्युनिपर म्हणजे सुईसारख्या पानांचं, अतिशय सावकाश वाढणारं, कुठल्याही खडकाळ जागी तग धरणारं सदाहरित झुडूप. काही उभी, ज्योतीसारखी निमुळती होत जाणारी, काही गोल गुबगुबीत. ही झुडपं सोस्टर मरेपर्यंत रंगवत राहिला, म्हणून त्यांची ओळख आधीच करून देतो.

त्याच्या लहानपणीचा देश तो वयात येईपर्यंत तीनदा पालटला. 1940 मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया गिळला, 1941 मध्ये जर्मन आले, 1944 मध्ये पुन्हा सोव्हिएत. त्या वर्षी हजारो एस्टोनियन बोटींतून स्वीडनकडे आणि जर्मनीकडे पळाले. त्यात चित्रकारही होते. तार्तूतली पल्लासची इमारत युद्धात जळाली. सोस्टर मात्र मागे राहिला आणि युद्ध संपल्यावर 1945 ते 1949 तार्तूच्या सरकारी कला संस्थेत शिकला. पाटी नवी होती, पण शिकवणारे बरेचसे जुन्या पल्लासचे. वर्गात समाजवादी वास्तववाद, आणि वर्गाबाहेर युद्धातून वाचलेली फ्रेंच पुस्तकं, मासिकं, चित्रांच्या छापील प्रती. मॉस्कोच्या मुलांना जे दिसलंच नव्हतं, ते तार्तूच्या मुलांनी लपवाछपवी करत का होईना, पाहिलं.

1949 हे एस्टोनियासाठी भयंकर वर्ष. मार्चमध्ये अवघ्या काही दिवसांत वीस हजारांहून जास्त माणसांना गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियाला पाठवलं गेलं. त्यात निम्म्याहून जास्त बायका आणि मुलं होती. डिसेंबरात पाळी आली तार्तूच्या कलाविद्यार्थ्यांची. सोस्टर, हेन रोदे, वाल्दुर ओहाकास, हेल्दुर वीरेस, लेंबित सार्त्स, एस्थर पोतिसेप या मित्रमंडळींना अटक झाली. ठपका सोव्हिएतविरोधी कारवायांचा. चित्रकलेवर गप्पा मारणारी तरुण पोरं होती ती. एका पिढीचे सर्वांत होतकरू चित्रकार एकाच झटक्यात उचलले गेले, आणि एस्टोनियाची चित्रकला त्यातून सावरायला दहाएक वर्षं लागली.

सोस्टरची रवानगी कझाकस्तानातल्या कारागांडाच्या छावणीत झाली. ‘कार्लाग’ या नावाने कुप्रसिद्ध असलेला हा सोव्हिएत श्रमछावण्यांमधला एक अतिविशाल पसारा. त्याचं मुख्यालय दोलिन्का या गावात होतं आणि आज तिथे त्या काळाचं संग्रहालय आहे. गवताळ, झाडं नसलेला मैदानी प्रदेश, हिवाळ्यात हाडं गोठवणारा वारा. सोस्टर तिथेही चित्रं काढत राहिला. सोबतचे कैदी, त्यांचे चेहरे, झोपलेली माणसं. एकदा पहारेकऱ्यांनी त्याची रेखाटनं शेकोटीत टाकली आणि त्याने मार खात ती बाहेर ओढून काढली, असं त्याच्याविषयी सांगितलं जातं. कडा जळालेली काही रेखाटनं खरोखरच शिल्लक आहेत. ती बघताना कलेच्या शैलीविषयी बोलायचं सुचत नाही.

छावणीतच त्याला लिदिया सेर्ख भेटली. तीही कैदी होती, मॉस्कोची. 1956 मध्ये, सोव्हिएत नेता ख्रुश्चेवने स्टालिनच्या अत्याचारांचा पक्षाच्या बंद बैठकीत पाढा वाचल्यानंतर, राजकीय कैदी मोठ्या संख्येने सुटू लागले. त्यात हे दोघेही सुटले. एस्टोनियात परतून बघितलं, पण तिथे पाय रोवायला जागा मिळेना. 1957 मध्ये दोघं मॉस्कोला आले.

यापेक्षा योग्य वेळ साधणं शक्य नव्हतं. 1956 च्या अखेरीस मॉस्कोत पिकासोचं प्रदर्शन भरलं होतं आणि लोकांनी तासन्‌तास रांगा लावल्या होत्या. 1957 च्या उन्हाळ्यात जागतिक युवक महोत्सवासाठी जगभरातून तरुण आले, त्यांच्याबरोबर अमूर्त चित्रंही आली. 1959 मध्ये अमेरिकन प्रदर्शन. तरुण चित्रकार ही चित्रं बघून हादरून गेले होते, पण त्यांना उलगडत नव्हतं. रंग असे फासलेले का? अंड्याचा, डोळ्याचा, दगडाचा आकार चित्रात असा अधांतरी का? त्यांना परिणाम दिसत होता, त्यामागची वाट माहीत नव्हती. आणि अशा वेळी त्यांच्यात एक माणूस आला, ज्याच्यासाठी ही परदेशातून आलेली नवलाई नव्हती. त्याच्या गुरूंनी पॅरिसचे रस्ते तुडवले होते. इल्या काबाकोव, व्लादिमीर यांकिलेव्स्की, युरी सोबोलेव हे त्याचे मित्र झाले. पुढे जगभर गाजलेल्या काबाकोवने सोस्टरच्या चित्रांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

आता सोस्टरच्या चित्रांकडे. त्याला सरसकट अतिवास्तववादी म्हटलं जातं, त्यामुळे हा शब्द आधी उलगडून घेऊ. अतिवास्तववादाचा जाहीरनामा 1924 मध्ये पॅरिसमध्ये निघाला, योगायोगाने सोस्टरच्या जन्मवर्षी. त्याचा गाभा असा: जागेपणी मन जी वर्गवारी करतं ती बाजूला सारली, तर वस्तू आपसूक दुसऱ्या वस्तूंशी नाती जोडतात. स्वप्नात घर एकदम समुद्र होतं आणि आपल्याला त्याचं आश्चर्यही वाटत नाही, तसं. मॅक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकाराने त्यासाठी एक युक्ती शोधली. लाकडाच्या फळीवर कागद ठेवून वर पेन्सिल घासायची. आपण लहानपणी नाण्यावर वही ठेवून घासायचो, अगदी तेच. मग लाकडाच्या रेषांतून जंगल, पक्षी, प्राणी जे दिसेल ते पुढे न्यायचं. म्हणजे चित्र आधी डोक्यात ठरत नाही, पृष्ठभागच ते सुचवतो.

सोस्टरला अर्न्स्ट फार जवळचा होता. त्याच्या कॅनव्हासचा पृष्ठभागही सपाट नसतो. रंगाचे जाड थर, त्यात ओरखडे, खाचा, खवल्यांसारखे उंचवटे. लांबून जी झुडपं वाटतात ती जवळून खडकाची भेगाळलेली त्वचा वाटते. पण अर्न्स्टकडे प्रतिमांचा पूर येतो, सोस्टरकडे मोजून तीन-चारच: ज्युनिपर, अंडं, मासा, कधी डोळा किंवा ओठ. या तीन-चार आकारांवर त्याने आयुष्य काढलं आणि हजारो रेखाटनं केली.

लोक विचारतात, अंडं म्हणजे काय? जन्म? विश्व? कवचात बंद माणूस? मासा म्हणजे ख्रिस्त की बेटावरचं जेवण? मला या वाटेने गेल्यावर हाती फार काही लागत नाही. चित्रं एकापुढे एक ठेवली तर वेगळंच दिसतं. सुरुवातीचं ज्युनिपर हे ओळखीचं झुडूप आहे, जमिनीत रुजलेलं, शेजारी सावली. पुढच्या चित्रांत त्याची पानं जातात, उरतो फुगीर उभा आकार. आणखी पुढे तो आकार जमिनीवरून सुटतो आणि अंड्याच्या इतका जवळ येतो की झुडूप कुठे संपलं, अंडं कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. अंड्याच्या आत पुन्हा अंडं. माशाच्या पोटात मासा. 1962 च्या ‘अंड्यातला डोळा’ या चित्रात अंड्याच्या आतून चक्क डोळा बघतोय. सोस्टरला प्रतीकं मांडायची नव्हती असं मी म्हणत नाही, पण त्याचा खरा शोध रूपांतराचा आहे: एक आकार किती कमी बदलला की दुसरा होतो? लहानपणी पाहिलेलं झुडूप कितीही सोललं तरी त्यातलं काय टिकतं? ज्याच्याकडून घर, देश आणि सहा वर्षं काढून घेतली गेली, त्याने हा प्रश्न आयुष्यभर विचारावा, यात मला काहीच नवल वाटत नाही.

‘अंड्यातला डोळा’ मात्र इतिहासात दुसऱ्याच कारणाने गेला. 1962 च्या अखेरीस मॉस्कोच्या क्रेमलिनशेजारच्या मानेझ या भव्य प्रदर्शनगृहात कलाकार संघाच्या मॉस्को शाखेच्या तीस वर्षांनिमित्त मोठं प्रदर्शन भरलं होतं. एली बेल्युतिन याच्या स्टुडिओतले प्रयोगशील चित्रकार आणि त्यांच्याबरोबर शिल्पकार अर्न्स्ट नेइझ्वेस्तनी, यांकिलेव्स्की, सोबोलेव, सोस्टर यांना ऐनवेळी बोलावून वरच्या मजल्यावर चित्रं लावायला सांगितलं गेलं. चित्रं रातोरात लागली. ते सगळे हरखले होते, अखेर आपल्याला मान्यता मिळतेय असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी, 1 डिसेंबरला, ख्रुश्चेव आला आणि वरच्या मजल्यावर येताच भडकला. शिवीगाळ केली, देशातून हाकलून देण्याच्या गोष्टी केल्या. सोस्टरशी झालेला त्याचा संवाद अनेकांच्या आठवणींत आहे. तपशील थोडे वेगळे असले तरी सार एकच: ख्रुश्चेवने त्याला छावणीत धाडायची धमकी दिली आणि सोस्टर शांतपणे म्हणाला, मी तिथे जाऊन आलोय.

त्या दिवसानंतर कोणाला अटक झाली नाही, काळ तेवढा बदलला होता. पण दारं बंद झाली. वर्तमानपत्रांतून फॉर्मॅलिझमविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि या चित्रकारांना सार्वजनिक प्रदर्शनं मिळेनाशी झाली. इथून पुढे ‘अनधिकृत कलाकार’ ही ओळख पक्की झाली.

आणि इथेच एक गैरसमज असतो. अनधिकृत म्हणजे भूमिगत, सरकारपासून तोंड लपवून जगणारा, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. तसं जगणं सोव्हिएत देशात जवळजवळ अशक्य होतं. नोकरी नसणं हाच गुन्हा होता, 1961 च्या हुकमाने ‘ऐतखाऊ’ ठरवून माणसाला शहराबाहेर धाडता यायचं. चांगला रंग, कॅनव्हास, स्टुडिओची जागा या गोष्टी कलाकार संघामार्फत मिळत. मग चित्रकार जगत कसे? पुस्तकांची चित्रं काढून. काबाकोव मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचा. सोस्टरला सोबोलेवमार्फत विज्ञानाची लोकप्रिय पुस्तकं आणि विज्ञानकथा मिळू लागल्या. या कामांवर देखरेख त्यामानाने सैल होती. परग्रहावरचं दृश्य विचित्र असणारच, त्याला फॉर्मॅलिझम कोण म्हणणार? त्यामुळे कॅनव्हासवर जे चालत नव्हतं, ते सरकारी प्रकाशनाच्या मुखपृष्ठावर छापलं जाऊन लाखो घरांत जायचं. सकाळी पगाराचं काम, रात्री स्वतःचं. आणि दोन्हींमध्ये भिंत नव्हती.

आपल्याकडे लोकवाङ्मय गृहाच्या दुकानांतून आणि प्रदर्शनांतून मिळणाऱ्या स्वस्त, देखण्या सोव्हिएत पुस्तकांवर मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या. त्यांतली चित्रं इतकी धीट, इतकी मोकळी का असायची, याचं निदान एक उत्तर या व्यवस्थेत आहे. तिथले काही फार चांगले चित्रकार पुस्तकांत येऊन काम करत होते, कारण त्यांना चित्रं टांगायला भिंत मिळत नव्हती.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात सोस्टर आणि काबाकोव यांनी मॉस्कोच्या स्रेतेन्स्की बुलेवारवर एका जुन्या विमा कंपनीच्या प्रचंड इमारतीच्या माळ्यावर स्टुडिओ थाटला. चित्रं दाखवायला जागा नाही म्हटल्यावर असे माळेच प्रदर्शनगृहं झाले. मित्र, मित्रांचे मित्र, कधी एखादा परदेशी पाहुणा. चित्रं भिंतीशी उलटी लावून ठेवलेली असत आणि एकेक सुलटी करून दाखवली जात. 1965 मध्ये इटलीतल्या लाक्विला इथल्या प्रदर्शनात या मंडळींचं काम झळकलंही, पण मॉस्कोत नाही.

मातृभूमीशी त्याचा संबंध तुटला नाही. साठच्या दशकात एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनमध्ये, मॉस्कोपेक्षा मोकळं वारं होतं. 1964 मध्ये तिथल्या कला संस्थेत तोनिस विंत आणि त्याच्या मित्रांनी ‘आंक 64’ हा गट काढला. सोस्टर या तरुणांना भेटायचा, मॉस्कोच्या चित्रकारांशी त्यांची गाठ घालून द्यायचा. तार्तूचं मॉस्कोला दिलं, मग मॉस्कोचं टालिनला.

त्याच्या सगळ्या वाटा जिथे एकत्र येतात असं एक काम 1968 चं आहे: ‘काचेची हार्मोनिका’ हा वीसेक मिनिटांचा ॲनिमेशनपट. दिग्दर्शक आंद्रेई ख्रझानोव्स्की, संगीत आल्फ्रेड श्निट्के, चित्रं सोस्टर आणि सोबोलेव यांची. एक कारागीर काचेचं वाद्य घेऊन गावात येतो. गावावर पैशाचं राज्य आहे. वाद्य फोडलं जातं, कारागिराला नेलं जातं, लोभाने माणसं किळसवाण्या जनावरांची रूपं घेतात. वर्षांनंतर एक मुलगा ते संगीत परत आणतो आणि ती जनावरं उलगडत पुन्हा माणसं होतात, युरोपच्या जुन्या व्यक्तिचित्रांतली देखणी, शांत माणसं. बॉश, ब्रूगेल, ड्यूरर, माग्रित यांचे चेहरे आणि आकार त्यात ओळखू येतात. ज्या देशात हे चित्रकार एकत्र बघायला मिळणं मुश्कील होतं, तिथे सोस्टर आणि सोबोलेवने त्यांचं संग्रहालय वीस मिनिटांत भरवलं. हा चित्रपट भांडवलशाही समाजाच्या लोभाविषयी आहे असा खुलासा सुरुवातीला जोडला गेला, तरी तो अडवला गेला. लोकांपुढे यायला ऐंशीच्या दशकाची अखेर उजाडली.

सोस्टरने तो दिवस पाहिला नाही. 25 ऑक्टोबर 1970 रोजी तो मॉस्कोत गेला, सेहेचाळीसावा वाढदिवस होऊन आठवडा झाला होता. मॉस्कोच्या प्रेक्षकांसाठी तेव्हा तो विज्ञानकथांची चित्रं काढणारा एक चित्रकार होता, बस्स.

आज त्याची चित्रं टालिनच्या एस्टोनियन कला संग्रहालयात आहेत, मॉस्कोतही आहेत. आणि अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या झिमरली संग्रहालयातही आहेत, कारण नॉर्टन डॉज या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सोव्हिएत अनधिकृत कलेचा हजारोंचा संग्रह जमवून तिथे दिला. रशियन अभ्यासक त्याला मॉस्कोच्या चळवळीत मोजतात, एस्टोनियन आपल्या आधुनिक चित्रकलेत. मला एस्टोनियनांचं म्हणणं अधिक पटतं, कारण मॉस्कोत त्याने जे दिलं ते सगळं हीउमा आणि तार्तूहून आलेलं होतं. चित्रं पाहायला सुरुवात करायची असेल तर अंड्यांपासून करू नका. आधी पन्नासच्या दशकातली ज्युनिपरची चित्रं पाहा, मग 1964 चं ‘लाल अंडं’, आणि त्यानंतर ‘काचेची हार्मोनिका’.